नाणेसंग्रहाचे डिजिटल छायाचित्रण : साधनांची निवड



नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. क्षत्रप नहपानाच्या या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. खालची मुखाकृती आणि वरची मुद्रा, दोन्ही एकाच छायाचित्रात वाचता याव्यात, ही साधनांची खरी कसोटी होय.

फ्लॅटबेड स्कॅनर स्वस्त, कागदपत्रांसाठी उत्तमच. परंतु त्याचा प्रकाश ठरावीक दिशेने येतो, तो हलविता येत नाही. त्यातून सीआयएस पद्धतीच्या स्कॅनरमध्ये काचेपासून किंचित दूर असलेला भागही अंधुक उमटतो.

म्हणून कॅमेराच घ्यावा. मात्र खर्चाचा भर भिंगावर असावा. १:१ प्रतिमा देणारे सुमारे १०० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग नाण्यापासून पुरेसे दूर राहते व तिरपा दिवा लावण्यास जागा उरते. ५० मिलिमीटरच्या भिंगाला फार जवळ जावे लागते आणि त्याचीच सावली नाण्यावर पडते. कॉपी स्टँड भक्कम हवा. दिवा वरच्या डाव्या अंगास ठेवावा. खालून उजेड आल्यास उठाव खोलगट भासतो.

छायाचित्र उजळ यावे म्हणून नाणे चिंचेने घासण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. गेलेला पृष्ठभाग कोणताही कॅमेरा परत आणीत नाही. नाण्याशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी. मूळ प्रत टिफ स्वरूपात जपावी, जेपीईजी केवळ इतरांस पाठविण्यापुरती.