मोळीतील सदोष लाइन

दाखल्यासाठी आलेला शेतकरी खिडकीपाशी तिष्ठतो आणि आतून उत्तर येते, "लाइन मंद आहे." या मंदपणाचे एक कारण आज सांगावयाचे आहे.

दोन कार्यालयांच्या राउटरांमध्ये प्रत्येकी सेकंदास 2.048 मेगाबिट वेगाच्या चार ई-वन लाइनी असल्यास मल्टिलिंक पीपीपी पद्धतीने त्यांची एक मोळी बांधता येते. 1996 सालच्या मानकानुसार माहितीच्या तुकड्यांवर अनुक्रमांक घालून ते चारही लाइनींवरून धाडले जातात. पलीकडचा राउटर ते क्रमाने जुळवितो. एका लाइनीवरील तुकडे गहाळ झाले वा रेंगाळले, की उरलेल्या तिन्हींवरून आलेल्या तुकड्यांना त्यांच्यासाठी थांबावे लागते. म्हणूनच लाइन पूर्ण तुटण्यापेक्षा अर्धवट बिघडणे अधिक तापदायक.

तेव्हा प्रत्येक लाइनीवरील चुकांचे आकडे दोन्ही टोकांस स्वतंत्रपणे पाहावेत, शून्यावर आणावेत व काही वेळाने पुन्हा वाचावेत. चुका वाढणारी लाइन मोळीतून काढावी. तीन लाइनींवर काम सुरळीत चालले, तर दोष सापडला असे समजावे. मग तिची केबल, जोड आणि दोन्ही टोकांची घड्याळजुळणी तपासावी. सर्वच यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केल्याने दोष झाकतो, जात नाही. आणि शेतकऱ्याचा हेलपाटा मात्र चुकत नाही.