कालव्यांच्या शहरात जाताना

हल्ली आपल्या खान्देशातले आईवडीलही मुलांकडे म्हणून परदेशी जाऊन येतात. निवृत्तीनंतर मी आणि सौ. असेच मुलाकडे नेदरलँड्सला गेलो होतो. त्या मुक्कामात आम्सटरडॅम हे कालव्यांचे शहर चार दिवस पायी हिंडून पाहिले. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. तुम्ही गेलात तर उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान तीस हजार युरोचा प्रवास विमा लागतो आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. म्हणून ऐनवेळी धावपळ नको. ट्यूलिपची फुले पाहायची असतील तर एप्रिल गाठा. पण जळगावच्या उन्हातून निघताना स्वेटर आणि छत्री विसरू नका. तिथे पाऊस केव्हाही येतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे हिंडायला वेळ भरपूर मिळतो.

मुक्काम ठरवताना लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. कालव्याकाठची जुनी घरे अरुंद आणि जिने शिडीसारखे उभे. गुडघे दुखणाऱ्यांचे तिथे हाल होतात. हॉटेलच्या भाड्यावर २०२४ पासून साडेबारा टक्के पर्यटक कर आहे, तोही हिशेबात धरा. नळाचे पाणी खुशाल प्या, बाटल्या विकत घेऊ नका. आणि चहा-कॉफी हवी असेल तर ‘कॅफे’ अशी पाटी पाहून आत शिरा. ‘कॉफीशॉप’ म्हणजे तिथे गांजा मिळण्याचे दुकान!

रस्त्यावर मोटारींपेक्षा सायकलींना जपा. बहुधा तांबूस रंगाचा पट्टा असतो, तो सायकलींचा. मी त्यावर उभा राहून फोटो काढत होतो. घंटी वाजली, सौ.ने हात धरून ओढले म्हणून वाचलो. ॲन फ्रँकचे घर पाहायचे असेल तर तिकीट फक्त इंटरनेटवर मिळते. ते सहा आठवडे आधी, दर मंगळवारी खुले होते. दारात जाऊन उभे राहिलात तर उपयोग नाही.

आता कालव्यांविषयी. तासाभराची बोटीची फेरी जरूर करा, पण दुपारची गर्दी टाळून सकाळीच. तीन मोठ्या कालव्यांचे खोदकाम १६१३ मध्ये सुरू झाले. दलदलीच्या जमिनीत लाकडी खांब ठोकून त्यावर घरे उभी केली. आज शहरात बाराशेच्या वर पूल आहेत आणि हा कालव्यांचा भाग २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आमच्या बोटीत सगळे फोटो काढण्यात गुंतले होते. सौ.चे माहेर साक्री तालुक्यात, पांझरेकाठचे. तिने मला हळूच विचारले, “हाई पानी कोन सोडस?”

मुलाने संध्याकाळी माहिती काढली. कालव्यांना दारे आहेत. ती उघडून-मिटून आणि पंप लावून पाणी फिरते ठेवतात, म्हणून ते कुजत नाही. हे काम जलमंडळाकडे असते. अशी मंडळे त्या देशात तेराव्या शतकापासून आहेत. लोक त्यांची वेगळी निवडणूक करतात, वेगळा कर भरतात. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसून तिथली १८३६ माणसे गेली. पाण्याकडे दुर्लक्ष केले तर काय होते, हे त्यांना ठाऊक आहे.

हे ऐकून सौ. म्हणाली, “म्हणजे आपल्या फडासारखंच की!”

श्रोतेहो, ते खरे आहे. पांझरेवर आपल्या पूर्वजांनी काही शतकांपूर्वी बंधारे बांधून पाट काढले. पाटाखालची जमीन बहुधा चार फडांत वाटलेली. एका फडात सर्वांचे एकच पीक, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांचा सारखा. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला, त्याची मजुरी धान्यात. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि पंप आले. ज्याचे त्याचे पाणी वेगळे झाले आणि बरेच पाट गाळाने भरले. सासऱ्यांच्या गावच्या पाटात आता बाभळी उगवल्या आहेत. दोन-अडीच लाख खर्चून परदेशातले कालवे पाहून आलो, पण घराजवळचा पाट मी लग्नानंतर तीस वर्षांत एकदाही नीट पाहिला नव्हता, याची तिथे लाज वाटली.

म्हणून शेवटची सूचना. आम्सटरडॅमला जरूर जा. पण निघण्याआधी एका रविवारी नातवंडांना घेऊन पांझरेकाठी जा. एखादा चालू पाट पाहा, पाटकरी भेटला तर त्याच्याशी बोला. तिथले कालवे मग अधिक कळतील. आणि परत आल्यावर गावात गाळ काढायचे ठरले, तर एक दिवस आपणही फावडे घेऊन जाऊ या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)