किताबाचा दाखला



 बुद्धिबळाच्या पंच-संघटकांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून रिवाजाप्रमाणे मी गतवर्षाचे सिंहावलोकन करावयास हवे. परंतु ते कार्यवाहांच्या अहवालात सविस्तर आलेच असल्यामुळे, आणि एक गोष्ट पुष्कळ वर्षे माझ्या मनात सलत असल्यामुळे, आपल्या अनुज्ञेने मी थेट तिच्याकडेच वळतो.

ग्रँडमास्टर किताबास 2500 मानांकन आणि किमान 27 डावांचे मिळून साधारणतः तीन नॉर्म, म्हणजे नियमात बसणाऱ्या स्पर्धेतील कामगिरीचे दाखले, लागतात. प्रत्येक नॉर्मला 2600 च्या तोडीची कामगिरी हवी. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची सरासरी 2380 असल्यास नऊ डावांत सात गुण, ती 2475 असल्यास सहा. या कसोटीविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. सकाळच्या सत्रात काही विद्वान मित्रांनी असे प्रतिपादन केले की, 1950 च्या पहिल्या यादीत अवघे 27 ग्रँडमास्टर होते, आज ते दोन हजारांच्या आसपास आहेत, सबब किताब स्वस्त झाला आणि नियम अधिक जाचक करावेत. या पक्षाला मी एका प्रसंगानेच उत्तर देतो.

एका जिल्ह्याच्या गावी दहा खेळाडूंची स्पर्धा होती आणि मुख्य पंच मी होतो. दोन देशांचे पाहुणे यावयाचे होते. पैकी एका देशातून एकच खेळाडू येणार होता; त्याचा व्हिसा वेळेत झाला नाही, तेव्हा संयोजकांनी तितक्याच मानांकनाचा आपलाच एक खेळाडू त्याच्या जागी बसवला. एका प्राथमिक शिक्षकाच्या मुलाने त्या स्पर्धेत, अखेरच्या फेरीतला बरोबरीचा प्रस्ताव नाकारून, नऊ डावांत सात गुण मिळवले. आंतरराष्ट्रीय मास्टरच्या नॉर्मला लागणारी 2450 ची कामगिरी त्यात पुरी होत होती. परंतु खेळाडूच्या देशाखेरीज आणखी दोन देशांचे प्रतिस्पर्धी असावेत, हे कलम आड आले. मी दाखल्यावर सही केली नाही. कायद्याने करता येत नव्हती. त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारले, “साहेब, पोरगा कोणत्या चालीत चुकला?”

हे कलम अकारण झाले असे मी म्हणत नाही. घरच्या घरी गुणांची देवघेव होऊ नये, हा त्याचा हेतू रास्तच आहे. भल्या मोठ्या खुल्या स्पर्धेत मानांकन असलेले वीस परदेशी खेळाडू, त्यांपैकी दहा किताबधारक, असे जमल्यास सवलतही मिळते. पण ज्या गावाला सभागृहाचे भाडे जड जाते, त्याने ही वऱ्हाडी मंडळी आणावयाची कोठून? मग कर्ज काढून नॉर्म स्पर्धांसाठी बुडापेस्टची वाट धरणे, एवढाच मार्ग उरतो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत बुद्धिबळाचा वृक्ष लावला तो काय आमच्या मुलांनी परक्या अंगणात फळे वेचावीत म्हणून?

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या दूरदेशीच्या दफ्तराचा न्याय किती मंद असतो, हे मीर सुलतान खानांच्या चरित्रात दिसते. 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकणारा, हेस्टिंग्जला माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवणारा हा पुरुष 1950 च्या यादीत नव्हता. 1966 साली तो निवर्तला, आणि मानद ग्रँडमास्टर हा किताब त्याला 2024 मध्ये मिळाला! उलट नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 साली बातुमीत महिला विश्वचषक जिंकताच, ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म पदरी नसताना, तिला तो किताब मिळाला, आणि तो सर्वथैव योग्यच झाला. याचा अर्थ, मनात आणले तर नियमालाही केवळ पटावरचे बळ पाहता येते.

तेव्हा देशांतर्गत स्पर्धांतील नॉर्म, तटस्थ पंचांच्या देखरेखीखाली, ग्राह्य धरावेत, अशा आशयाचा अर्ज आंतरराष्ट्रीय महासंघाकडे जावा. त्यासाठी एक उपसमिती नेमावी. मसुदा, निधी वगैरे तपशील यथावकाश ठरतील. उद्याच्या खुल्या अधिवेशनात हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. ज्यांना विरोध करावयाचा असेल त्यांनी तो अवश्य करावा. मात्र प्रतिस्पर्ध्याचे पारपत्र बदलल्याने पटावरची कोणती चाल बदलते, एवढे त्यांनी सभेस समजावून सांगावे.