बदललेला कार्बोरेटर आणि कोंडलेले इंजिन
(जुन्या मोटारींच्या देखभालीविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या ॲम्बॅसडर मोटारीच्या मालकाची एक तक्रार गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येते. गाडी उभी केली की खाली तेलाचा डाग पडतो. पॅकिंग बदलले तरी पंधरा दिवसांत डाग पुन्हा दिसतो. तेल क्लचपर्यंत पोहोचते, चढावर क्लच घसरू लागतो आणि खर्च वाढत जातो. मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री पॅकिंगला. पुष्कळदा दोष दोहोंचाही नसतो. त्यापूर्वी केव्हातरी गाडीला दुसऱ्या बनावटीचा कार्बोरेटर बसविलेला असतो, आणि त्या वेळी मोकळी राहिलेली एक रबरी नळी कोणीतरी बूच मारून बंद केलेली असते. ती नळी म्हणजे इंजिनाचे नाक होय.

पेट्रोल जळून निर्माण होणारा वायू पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी त्या वायूचा थोडा अंश त्यांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. झिजलेल्या इंजिनात हे प्रमाण वाढते. मिस्त्री त्यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पिस्टन खालीवर होतात म्हणून हा दाब उत्पन्न होतो, अशी काहींची समजूत असते. चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येताना दोन वर जातात, त्यामुळे खालची एकूण जागा जवळजवळ तेवढीच राहते. दाब वाढतो तो निसटलेल्या वायूमुळे.

या वायूत न जळलेले पेट्रोल असते, आम्ले असतात आणि पाण्याची वाफही असते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. त्यातील बहुतेक पाणी धुराड्यावाटे निघून जाते. परंतु जो अल्प भाग खाली उतरतो, तो थंड इंजिनात तेलात मिसळतो. बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या, कधीच पुरत्या न तापणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय जमते ती यामुळेच. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ती अधिक दिसते. म्हणून क्रँककेसला केवळ दाब सोडण्याची वाट असून भागत नाही. एका बाजूने स्वच्छ हवा आत यावी आणि दुसऱ्या बाजूने दूषित वायू ओढून नेला जावा, अशी योजना लागते.

पूर्वी ही योजना अगदी साधी होती. एक नळी इंजिनाच्या खाली उघड्यावर सोडलेली असे. गाडी धावू लागली की खालून जाणाऱ्या वाऱ्याने नळीत किंचित ओढ निर्माण होई. गाडी सावकाश चालली तर ही ओढ नाममात्रच राही, आणि सारा वायू रस्त्यावर जाई. लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या धुरक्याचे रहस्य 1950 च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने उलगडले. न जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ते धुरके बनते, असे त्याने दाखविले. पुढे ध्यानात आले की मोटारीतून बाहेर पडणाऱ्या अशा वाफेचा सुमारे पाचवा हिस्सा धुराड्यातून नव्हे, तर क्रँककेसमधून येत होता. 1961 पासून कॅलिफोर्नियातील व 1963 पासून अमेरिकेतील नव्या गाड्यांत हा वायू इंजिनातच परत ओढून जाळण्याची व्यवस्था आली. आपल्याकडे पीयूसी तपासणीची नळी धुराड्यात घातली जाते. क्रँककेसमधून उघड्यावर सुटणारा वायू तिच्या हिशेबात येत नाही.

आता कार्बोरेटरचा संबंध. ॲम्बॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले. तिचे 1489 घनसेंटिमीटरचे जुने पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरीज’ घराण्यातले होते. त्याच घराण्याचे 1798 घनसेंटिमीटरचे इंजिन इंग्लंडच्या एमजीबी या क्रीडामोटारीत 1962 ते 1980 या काळात बसविले गेले. तिला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर असत. 1964 पासून काही वर्षे क्रँककेसची नळी एका झडपेमार्फत इनटेक मॅनिफोल्डला जोडली जाई. त्या दशकाच्या अखेरीस झडप गेली आणि नळी थेट कार्बोरेटरांना जोडण्यात आली. एसयू कार्बोरेटरमध्ये वरखाली होणारा पिस्टन आणि थ्रॉटलची पाकळी यांच्यामधल्या जागेत ओढ नेहमी मंद आणि जवळजवळ एकसारखी असते. इंजिन निवांत चालो वा जोरात, क्रँककेसमधून वायू बेताबेताने ओढला जातो. ताजी हवा वरच्या रॉकर कव्हरवरील बारीक छिद्रातून आत येते. झडप नाही, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखे काही नाही. इतकी सोपी युक्ती मोटारशास्त्रात विरळाच!

अधिक शक्तीच्या हौसेने मालक या जागी इटालियन वेबर डीसीओई कार्बोरेटर बसवितात. तो उत्तमच आहे. पण त्यात ही मंद ओढीची जागा नाही. पाकळीच्या अलीकडे ओढ फार दुबळी, तर पलीकडे फार प्रबळ आणि धडधडती. नळी जोडायला तोटीच नसल्यामुळे ती बंद केली जाते, आणि प्रारंभी सांगितलेल्या कथेला सुरुवात होते.

बी सीरीजच्या जुन्या, तीन बेअरिंगांच्या इंजिनात हा प्रमाद अधिकच भोवतो. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला त्यात रबरी सील नाही. शाफ्टवर कोरलेला स्क्रूसारखा आटा फिरताफिरता तेल आत परतवतो, एवढीच तेथे राखण आहे. आत किंचित ओढ असेल तर हा आटा आपले काम चोख करतो. आत दाब साचला तर तेल त्याला न जुमानता क्लचकडे जाते. अशा वेळी चेंबरचे पॅकिंग शंभरदा बदलले तरी उपयोग व्हायचा नाही.

यावर उपाय तीन. पहिला, नळी एअर क्लीनरमध्ये सोडणे. तेथे ओढ अल्प असली तरी वायू इंजिनातच जळतो. मात्र तेलाचा अंश फिल्टर भिजवितो, जेटवर बसतो, आणि मिश्रणात तेल मिसळल्याने इंजिन ‘नॉक’ करण्याची शक्यता वाढते. वाटेत तेल अडविणारी डबी ठेवणे इष्ट. कार्बोरेटरवर उघडे भोंगे बसविले असतील तर हा मार्गच उरत नाही.

दुसरा, मॅनिफोल्डला पीसीव्ही झडपेमार्फत जोडणे. इंजिन निवांत चालत असता मॅनिफोल्डमधील ओढ तीव्र असते, तेव्हा झडप वाट अरुंद करते. गाडी धावू लागली की वाट रुंदावते. बॅकफायर झाल्यास ज्वाला क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून ती मिटते. झडप न घालता नुसती नळी जोडणे ही घोडचूक होय. या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून एक इनटेक पोर्ट आहे. वेबरच्या मॅनिफोल्डच्या एकाच फाट्याला नळी जोडली तर त्या जोडीला जादा हवा मिळून ती लंगडू लागते. म्हणून दोन्ही फाट्यांतून सारखी वाट काढावी आणि निवांत चालीचे जेट पुन्हा जुळवावेत. शर्यतीचा कॅमशाफ्ट असेल तर ओढच अस्थिर होते, झडप फडफडत राहते. शिवाय चोर्ला घाट चढताना पाय ॲक्सिलरेटरवर पुरता दाबलेला असतो. तेव्हा निसटणारा वायू सर्वाधिक आणि मॅनिफोल्डची ओढ मात्र सर्वांत कमी. उरलेला वायू त्या वेळी रॉकर कव्हरच्या नळीतून उलट एअर क्लीनरकडे जाऊ शकला पाहिजे.

तिसरा, तेल साठविणारी टाकी. मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 2000 घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला निदान 2 लिटरची अशी टाकी सांगितली आहे. दाब सुटतो, रस्त्यावर तेल सांडत नाही. पण ओढ नसल्यामुळे पाण्याची वाफ आत रेंगाळते व वायू हवेत जातो. रोजच्या वापराच्या गाडीला हा उपाय नाइलाजाचाच समजावा. टाकी केलीच तर नळी रुंद असावी, सतत चढती असावी, आणि तिच्यात पाणी तुंबेल असा झोल नसावा. बी सीरीज इंजिनात टॅपेट कव्हर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, हे विसरून चालणार नाही. तापलेल्या लोखंडाला टेकून वितळलेल्या नळीतून पेट्रोलची वाफ सुटली तर गाडी पेट घेईल.

पुढच्या टॅपेट कव्हरवरील ब्रीदरच्या डबीत तारेची जाळी असते. ती काजळीने बुजली असेल तर नळी कोठेही जोडा, व्यर्थ. रॉकेलमध्ये बुडवून ती धुवावी, आणि फुंकर आरपार जाते की नाही ते पाहावे.

तपासणीला यंत्र लागत नाही. इंजिन गरम करून निवांत चालू ठेवावे, तेलाचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर जाड कागदाचा तुकडा अलगद ठेवावा. कागद हळूच चिकटला तर वायुवीजन ठीक आहे. टाकी बसविलेल्या गाडीत तो चिकटणार नाही, पण उचललाही जाऊ नये. कागद उडाला तर आधी ब्रीदर आणि नळ्या पाहाव्यात. त्या मोकळ्या असूनही तो उडत राहिला तर मात्र सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. तेव्हा रिंगांचीच वेळ भरलेली असते, आणि कार्बोरेटरवर आणखी पैसा घालण्यात अर्थ उरत नाही.