जमिनीला मीठ फुटतं तेव्हा

आजचा विषय आहे मातीचं प्रदूषण. हे ऐकलं की कारखान्याचं सांडपाणी, प्लास्टिक, कचऱ्याचे ढीग आठवतात. ते तर आहेच. पण आज मी सांगणार आहे ते चांगल्या पाण्यानं नासलेल्या जमिनीबद्दल.

शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी माझ्या मामांचं रान आहे. लहानपणी तिथल्या उसात आम्ही लपाछपी खेळायचो. गेल्या दिवाळीला गेलो, तर निम्म्या रानावर पांढरा थर. मामा म्हणाले, "मीठ फुटलंय बाबा."

हे होतं कसं? काळी माती पाणी धरून ठेवते. उसाला वर्षभर पाटपाणी, तेही सरी तुडुंब भरेपर्यंत. मग जमिनीखालची पाणीपातळी वर येते. उन्हानं पाणी उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार वरच राहतात. बेसुमार रासायनिक खतं त्यात भर घालतात. ही झाली क्षारपड जमीन. मातीत सोडियम वाढून सामू 8.5 च्या वर गेला की ती चोपण होते. पावसात चिखल, उन्हात दगड! मुळांना धड हवा मिळत नाही. उत्पन्न घटतं, कर्ज मात्र तेवढंच राहतं.

उपाय आहेत. आधी माती परीक्षण करा. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 पासून आहे. पाटाऐवजी ठिबक वापरा. ताग, धैंचा पेरून जमिनीत गाडा. चोपण जमिनीला जिप्सम द्या, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं. पण सुटलेले क्षार बाहेर गेले पाहिजेत. त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करतात. शिरोळ भागात अशी कामं झाली आहेत आणि पडीक रानात पुन्हा पीक उभं राहिलंय.

अडचण पुढेच आहे. पाईपातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं, तर शेजाऱ्याच्या रानातून जावं लागतं. आणि मामांचा शेजाऱ्याशी बांधावरून दहा वर्षं अबोला! एकट्यानं हे काम होतच नाही. शेवटी गेल्या महिन्यात मामा स्वतःच त्यांच्या दारात गेले. पाईप अजून पडलेले नाहीत, पण चहा झालाय.

तुमचंही गावाकडं रान असेल, तर आज घरी एक फोन लावा. विचारा, आपल्या मातीची तपासणी शेवटची कधी झाली? भेटू पुढच्या भागात!