उरल्या सुताचा पट्टा

(विणकर मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आपण उरलेल्या सुताबद्दल बोलू. कापड पुरे झाले, की रंगीत सूत थोडे थोडे उरते. निळी लडी अर्धी, तांबडी पाव. आपण ती गाठोड्यात बांधतो. गाठोडे माळ्यावर जाते. मग तिथे उंदरीण बाळंत होते!

पण हे सूत फुकटचे नाही. निळीचे सूत पहा. आंबवलेल्या निळीत ते बुडवायचे. बाहेर काढले की हिरवट दिसते. वारा लागला की निळे होते. गडद रंग हवा, तर पुन्हा पुन्हा बुडवायचे. तांबड्या रंगाला आधी हिरड्याचे पाणी, मग तुरटीचे, मग मंजिष्ठ. पाणी, सरपण, दिवस, किती खर्ची पडतात! आणि झाडापाल्याचा रंग पुढच्या वेळी हुबेहूब तोच येईल, असे नाही.

1897 साली जर्मनीत कारखान्यातली नीळ विकायला आली. शेतातली नीळ मागे पडली. आज झाडापाल्याच्या रंगाला पुन्हा गिऱ्हाईक आहे. ते चार पैसे जास्त देते. पण रंग फुटला, तर ते परत येत नाही. एका कच्च्या धाग्याने सगळे कापड डागाळते. म्हणून आम्ही विणकर आधी सूत पारखतो.

पारख सोपी आहे. रंगीत धागा पांढऱ्या धाग्याबरोबर पिळा. साबणाने धुवा. सावलीत वाळवा. पांढरा धागा पांढराच राहिला, तर रंग पक्का. मग दुसरा धागा पुठ्ठ्यावर गुंडाळा. अर्धा झाका. आठ-दहा दिवस उन्हात ठेवा. उघडा भाग विटला, तर ते सूत कापडात नको. हळदीचे सूत इथेच नापास होते. हळदीच्या डागाला साबण लागला, की तो लाल होतो, हे कुठल्याही बाईला विचारा. उन्हातही हळद उडते. पिवळा रंग हवा, तर डाळिंबाची साल आणि तुरटी बरी.

आता सूत घालायचे कुठे? ताण्यात नको. ताण्याला ओढ असते, फणीचे घासणे असते. उरलेल्या सुताला गाठी फार. ते तुटते आणि हात थांबतो. ताणा नव्या सुताचा करा. उरलेले सूत बाण्यात, म्हणजे आडवे घाला. लोखंडाच्या पाण्याचे काळे सूत काळाने कुजके होते. त्याची बारीक रेघच पुरे.

किती सुताचा किती पट्टा होतो? हिशेब करू. कापड 1 मीटर रुंद आहे. एका सेंटिमीटरात 15 आडवे धागे बसतात. म्हणजे 15 मीटर सूत. विणताना सूत आकसते, म्हणून 17 मीटर धरा. 20 नंबरचे 1 ग्रॅम सूत सुमारे 34 मीटर भरते. म्हणजे 1 ग्रॅमात 2 सेंटिमीटर पट्टा. 5 ग्रॅम सुतात 10 सेंटिमीटर! मुठीत मावेल एवढे सूत, आणि अर्ध्या वितीपेक्षा थोडाच कमी पट्टा.

म्हणून आधी वजन करा. मग प्रत्येक रंगाचे सारखे भाग पाडा आणि तेवढ्या कांड्या भरा. एक भाग चादरीच्या या टोकाला, एक त्या टोकाला. नाहीतर निम्म्यावर रंग संपतो आणि चादर लंगडी दिसते. जाड आणि बारीक सूत एकत्र करू नका. सुती सुतात लोकर घालू नका. धुतल्यावर एक आटते, दुसरे तसेच राहते, आणि कापडाला चुण्या पडतात. नवा धागा लावताना गाठ मारू नका. दोन बोटे जुन्यावर नवा चढवा आणि फणी ठोका.

अशा पट्ट्यांची चादर, पंचा, पिशवी विकत घेणाऱ्याला आवडते. एकासारखे दुसरे होत नाही. पण विकताना खरे सांगा. "हा रंग झाडापाल्याचा आहे. पहिल्यांदा वेगळे धुवा. सावलीत वाळवा," असे सांगा. खरे बोलणारा विणकर लोकांच्या ध्यानात राहतो.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर माळ्यावरचे गाठोडे खाली काढा. सूत झटका. तराजूत घाला. आकडा पाटीवर लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. पाटीवरचा आकडा सांगेल, तुमच्या घरात किती पट्टे पडून आहेत ते.