ड्रम घरात, आवाज कानात

आमच्या गटातल्या एकीची लेक ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवते. घरी सराव करावा तर शेजाऱ्याची भिंत लागून, आत आजोबा अंथरुणाला खिळलेले. म्हणून मायलेकींनी इलेक्ट्रॉनिक ड्रमसाठी गटाकडे कर्ज मागितलं. पोरीनं ड्रम वाजवावा का, यावर आम्ही वेळ घालवला नाही. कोणता घ्यावा, यावर मात्र दोन बैठका झाल्या.

पॅड जाळीच्या पानाचे बघा. रबरावर काठी टपाटपा वाजते. जाळीवर आवाज कमी आणि काठी चांगली उसळते. रोलँड कंपनीने १९९७ साली असा जाळीचा ड्रम आणला, आता स्वस्त संचांतही मिळतो. हेडफोन लावला की बाहेर नुसती टकटक. पायाचा दणका मात्र जमिनीतून जातोच. माळ्यावर मांडलात तर खालचं माणूस उठून बसेल! तळघरात नाहीतर खालच्या खोलीत, जाड रबरी चटईवर मांडा.

रेकॉर्डिंग करायचं तर यूएसबीबद्दल नीट विचारा. काही संचांतून फक्त मिडी जाते, म्हणजे कुठे आणि किती जोरात मारलं एवढीच नोंद. काहींतून आवाजही जातो. स्टूल, हेडफोन, कधी पायाचं पेडलसुद्धा किमतीत धरलेलं नसतं, तेही विचारा.

ऑक्टापॅड स्वस्त पडेल, असं एकीनं सुचवलं. लेक म्हणाली, "मावशी, मला हात आणि पाय एकत्र बसवायचेत." पटलं. कर्ज मंजूर केलं, बारा हप्त्यांत.